मॉडेल एकदा तरी पडलं पाहिजे

सबमिशनच्या आठवड्यात नाशिकमधल्या एखाद्या आर्किटेक्चर, इंटिरियर किंवा डिझाइनच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या वर्गात डोकावून बघा. टेबलांवर पांढऱ्या सनबोर्डची, म्हणजे फोमच्या कडक तक्त्याची, मॉडेल्स ओळीने मांडलेली असतात. कडा सरळसोट, कोपरे जुळलेले, गोंदाचा एक डाग नाही. यातली बरीचशी लेझर कटिंगच्या दुकानातून कापून आलेली असतात, काही थ्रीडी प्रिंटरवरून निघालेली, आणि काही तर पैसे मोजून पूर्ण करून घेतलेली. हा खांब इथेच का, इतका जाड का, तो काढला तर काय होईल, असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, "सर, तसं छान दिसत होतं." मुलं खरंच सांगत असतात. त्यांनी ती वस्तू पडद्यावर फिरवून पाहिलेली असते, फाइल पाठवलेली असते आणि संध्याकाळी तुकडे घरी आणून चिकटवलेले असतात. ती कशी उभी राहते हा प्रश्न त्यांना कुठे अडलेलाच नसतो.

दोष मुलांचा नाही. आपण गुण फिनिशिंगला देतो, म्हणून ती फिनिशिंग विकत आणतात.

माझं म्हणणं असं की त्रिमित संकल्पनाच्या, म्हणजे थ्रीडी डिझाइनच्या, पहिल्या वर्षात, निदान पहिल्या सत्रात तरी, लेझर कटर, प्रिंटर आणि सॉफ्टवेअर तिन्ही बाजूला ठेवावीत. मुलांनी स्वतःच्या हातांनी, रद्दीच्या मोलाच्या साहित्यातून, खरं वजन पेलणाऱ्या वस्तू बनवाव्यात. त्या वस्तू वर्गात सगळ्यांसमोर मोडाव्यात. आणि त्या का मोडल्या हे ज्याला नेमकं सांगता येईल त्याला गुण मिळावेत.

एक साधा प्रकल्प घ्या, जगभरच्या पायाभूत अभ्यासक्रमांत कुठल्या ना कुठल्या रूपात असतोच असा. पन्हळी पुठ्ठ्याचं स्टूल करायचं. गोंद नाही, टेप नाही, खिळा नाही, सुतळी नाही. फक्त खाचा पाडून तुकडे एकमेकांत अडकवायचे. शेवटी वर्गातल्या सगळ्यात वजनदार माणसानं त्यावर मिनिटभर बसायचं. नाशिकमध्ये या साहित्याला तोटा नाही. निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडून द्राक्षं ज्या खोक्यांतून बाहेर जातात ती खोकी याच पुठ्ठ्याची, आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून पॅकिंगचे मोठाले तक्ते रद्दीत निघतात. पोराला पुठ्ठा हातात आल्यावर पहिला धडा पाच मिनिटांत मिळतो. दोन कागदांच्या मधली पन्हळ उभी ठेवून दाबलं तर तुकडा तग धरतो, आडवी ठेवली तर त्याच वजनाखाली चपटा होतो. हे कुणी सांगून पटत नाही. तळहाताखाली तुकडा बसतो तेव्हा पटतं.

दुसरा धडा खाचेचा. खाच पुठ्ठ्याच्या जाडीपेक्षा जरा रुंद झाली की तुकडे लटपटतात आणि स्टूल एका बाजूला कलंडतं. जरा अरुंद झाली तर तुकडा आत घालताना पन्हळ चेंगरते आणि नेमकी तिथेच, जिथे सगळा भार एकवटतो, वस्तू कमजोर होते. मग मुलं खाच मापायला लागतात. कालपर्यंत "अंदाजे" म्हणणारा मुलगा कटरच्या पात्याची जाडीसुद्धा हिशेबात धरायला लागतो. निफाडकडच्या एका विद्यार्थ्यानं बागेतल्या रिकाम्या खोक्यांचं स्टूल केलं होतं. ते पहिल्यांदा खचलं, दुसऱ्यांदा खचलं, तिसऱ्यांदा त्यानं चारही बाजूंच्या पट्ट्या उंचीला वाढवल्या आणि मधे एक तिरकी पट्टी घातली. त्यावर मी बसलो. ते हललंदेखील नाही. त्या मुलाला 'तुळईची खोली', म्हणजे तिची उभी जाडी, हा शब्द तेव्हा माहीत नव्हता, पण त्या शब्दामागची गोष्ट त्याच्या बोटांत आली होती. पुढच्या वर्षी स्ट्रक्चर्सच्या तासाला सूत्र फळ्यावर आलं तेव्हा त्याला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं असणार.

सूत्र फार अवघड नाही, पण ते अंगात मुरायला वेळ लागतो. लाकडी फूटपट्टी घ्या, तीस मिलिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड. आडवी धरून दोन पुस्तकांवर ठेवली तर बोटानं वाकते. तीच काठावर उभी धरली तर वाकायला शंभर पट कठीण होते. लाकूड तेच, वजन तेच, फक्त दिशा बदलली. तसाच एक साधा कागद दोन पेल्यांवर आडवा ठेवा, स्वतःच्याच वजनानं खाली झुकतो. त्याला पंख्यासारख्या घड्या घाला, मग त्यावर मूठभर नाणी ठेवा. चार काड्यांची चौकट कोपऱ्यांत सैल जोडली की बाजूला कलते, एक कर्ण घातला की जागची हलत नाही. हे सगळं पडद्यावर 'दाखवता' येतं, व्हिडिओही भरपूर आहेत. पण पडद्यावर गुरुत्वाकर्षण नसतं. तिथे छत हवेत तरंगतं आणि कुणाला खटकत नाही. पुठ्ठा मात्र मुलाचं नाव, गाव, बारावीची टक्केवारी काहीच विचारत नाही. चुकलं तर पडतो.

इथे मॉडेलच्या आकाराचाही प्रश्न येतो. लहान मॉडेल फसवं असतं. गॅलिलिओनं १६३८ साली हे मांडून ठेवलं आहे. एखादी वस्तू सगळ्या बाजूंनी दहा पट मोठी केली तर तिच्या खांबाचा छेद शंभर पट होतो, पण वजन हजार पट. म्हणजे खांबाच्या दर चौरस सेंटिमीटरवर दहा पट जास्त ताण. सनबोर्डचं वीतभर मॉडेल ऐटीत उभं राहतं म्हणून इमारत किंवा खुर्ची उभी राहील असं नाही. म्हणून पहिल्या वर्षी निदान एक तरी वस्तू खऱ्या मापाची हवी, माणूस बसेल, टेकेल किंवा आत शिरेल एवढी. ते स्टूल बाकी दहा मॉडेल्सपेक्षा जास्त शिकवतं.

हे काही माझ्या मनचं खूळ नाही. १९१९ मध्ये वाल्टर ग्रोपिउसनं जर्मनीत वायमारला बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा सुरू केली, तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याला आधी प्राथमिक अभ्यासक्रमातून जावं लागे. पुढे तिथे योझेफ आल्बर्स शिकवायचा. तो मुलांपुढे नुसता कागद ठेवायचा आणि कमीत कमी कापाकापीत, काहीही वाया न घालवता, त्याच्यातून काय निघतं ते बघा म्हणायचा. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, बालवाडीचा जनक फ्रोबेल लहान मुलांना जोडून आकार करायला काड्या आणि भिजवलेले वाटाणे देत असे. बकमिन्स्टर फुलर हा घुमट बांधणारा अमेरिकन सांगत असे की त्रिकोणाची ताकद त्याला बालवाडीत, नीट दिसत नसताना, वाटाणे आणि काड्या चाचपताना कळली. आपल्याकडे अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या वापरून हेच गावोगावच्या शाळांत नेलं. पहिल्या वर्षाच्या डिझाइनच्या मुलांना द्यायला यापेक्षा स्वस्त आणि चांगला प्रकल्प मला सुचत नाही. तरीही आपल्या अनेक अभ्यासक्रमांत तो 'शाळकरी' म्हणून वगळला जातो.

आपल्या राज्यातही जुनी परंपरा हातांचीच होती. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग तिथे शिल्पकाम शिकवायला आला आणि १८९१ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावानं कारागिरीच्या कार्यशाळा उघडल्या. नाशिककरांना तर दूर जायलाच नको. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद, म्हणजे दादासाहेब, फाळके १८८५ मध्ये जे. जे.त शिकायला गेले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकलेसोबत मूर्तिकाम, छायाचित्रण, छपाई असं जे हाताला लागेल ते शिकले. १९१३ मध्ये चित्रपट काढल्यावर आपला सारा संसार आणि कंपनी त्यांनी नाशिकला आणली. त्यांच्या चित्रपटांतला चमत्कार हा सेट बांधणाऱ्या, साचे काढणाऱ्या, यंत्र खोलून पुन्हा जोडणाऱ्या माणसाचा चमत्कार होता. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. तिथे सहलीला गेलेल्या किती मुलांना हे सांगितलं जातं?

आणि त्या डोंगरावर चढलं की आणखी एक गोष्ट दिसते. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या दर्शनी भागात पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन असे सहा ठेंगणे गण कोरले आहेत, कठड्याचा भार खांद्यावर पेलून धरलेले. डोंगर आतून पोखरून काढलेल्या वास्तूत असा भार कुणी पेलायची गरज नसते, सगळा एकच खडक आहे. तरीही कोरणाऱ्याला वाटलं की भार कुठून येतो आणि कुठे जातो हे बघणाऱ्याला दिसलं पाहिजे. लाकडी बांधकाम हातानं केलेल्या लोकांची ती दृष्टी होती. वर्गाला तिथे नेऊन जलरंगात दृश्य रंगवायला बसवण्याआधी अर्धा तास फक्त त्या सहा गणांसमोर उभं करावं आणि विचारावं, वजन कुठे जातंय?

नाशिकची चित्रपरंपरा मोठी आहे. शिवाजी तुपे यांच्यासारख्यांनी गोदाघाट, जुने वाडे, देवळांची शिखरं जलरंगात अशी उतरवली की अख्ख्या पिढीला निसर्गचित्राचं वेड लागलं. मला त्या परंपरेचा अभिमान आहे. पण तिची एक सवयही आपल्याला लागली. या शहराकडे आपण चित्राचा विषय म्हणून बघतो. वाडा म्हणजे सावली, घाट म्हणजे प्रतिबिंब. त्या वाड्याची तुळई कशी बसवली, घाटाचा दगड पुराच्या पाण्यात का हलत नाही, हे आपण विचारत नाही.

तांबट आळीत जा. जुन्या नाशकात अजूनही काही घरांत तांब्यापितळेची भांडी हातानं घडतात. आपण भांडी बाजारात हंडा घेताना त्याच्यावरचे हातोडीचे ठसे नक्षी समजून बघतो. ती नक्षी नाही, किंवा नुसती नक्षी नाही. मऊ तांब्याच्या पत्र्यावर प्रत्येक ठोका पडला की धातू तिथे थोडा कडक होतो, आणि बारीक बारीक ठशांनी सगळा पृष्ठभाग ताठ होतो. याला मठारणं म्हणतात. फार ठोकलं तर पत्रा इतका कडक होतो की पुढे चिरेल, म्हणून तो मधे मधे भट्टीत लालसर तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. गंमत अशी की तापवलेलं पोलाद पाण्यात बुडवलं तर कडक होतं, तांबं बुडवलं तरी मऊच राहतं. कारागिराला हे ठोक्याच्या आवाजावरून कळतं. आवाज बदलला की तो हात थांबवतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं एक वीतभर तांब्याचा पत्रा घेऊन त्याची वाटी करावी. ती वेडीवाकडी होईल, होऊ दे. सपाट पत्रा हातात वाकतो आणि तोच पत्रा वाटी झाल्यावर वाकत नाही, एवढं कळलं तरी गाडीच्या बॉनेटपासून घुमटापर्यंतचं दार उघडतं.

आणि द्राक्षाचा मांडव. आर्किटेक्चरच्या मुलांना ताणाच्या, म्हणजे ताणून धरलेल्या तारांवर उभ्या राहणाऱ्या, रचना शिकवताना म्युनिकचं ऑलिंपिक स्टेडियम दाखवतात, चांगलंच आहे. पण दिंडोरी रस्त्याला बसनं अर्ध्या तासावर ताणाची रचना एकरांनी पसरलेली आहे. लोखंडी अँगल, वर तारांचं जाळं, त्यावर वेल. कडेच्या खांबांना बाहेरच्या बाजूनं तार ओढून जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधलेली असते. आतली सगळी बाग त्या कडेच्या ताणांवर तोललेली. माल भरलेला असताना वादळी पाऊस आला आणि कडेचा एखादा ताण सुटला, की खांब आत झुकतो, तारा सैल होतात आणि ओळीच्या ओळी आडव्या होतात. वर्षभराची मेहनत भुईला मिळते. ज्या घरात हे घडलं त्या घरातला मुलगा किंवा मुलगी आपल्या वर्गात बसलेली असते, आणि तिला वाटतं की डिझाइन म्हणजे आपल्या घरात नसलेली काहीतरी शहरी गोष्ट. बांबूच्या काड्या आणि बाइंडिंग वायर देऊन तिला मांडव करायला सांगा. तो वर्ग त्या दिवशी ती शिकवेल.

इथे मला एक अवघड गोष्ट बोलायची आहे. हातानं काम करणं आपल्याकडे कमी प्रतीचं मानलं गेलं, कारण ते काम कुणी करायचं हे जन्मानं ठरत होतं. तांबट, कुंभार, सुतार, बुरूड, वडार ही कौशल्यांची नावं आहेत आणि जातींचीही. लेखणीवाल्यांनी हातांकडे पाठ फिरवली आणि हातवाल्यांच्या मुलांनी, अगदी न्याय्य कारणानं, त्या कामातून बाहेर पडायला शिक्षण घेतलं. म्हणून कॉलेजात आलेल्या कारागिराच्या मुलाला "तू तर हे घरी शिकलाच असशील" असं म्हणणं हा अपमान होऊ शकतो. गांधींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, मांडली तेव्हा हस्तकौशल्य सगळ्या मुलांसाठी होतं, हे महत्त्वाचं. ब्राह्मणाच्या पोरीनंही पुठ्ठा कापावा, वाण्याच्या मुलानंही मातीत हात घालावा, बुरुडाच्या मुलानंही सॉफ्टवेअर शिकावं. सगळ्यांनी सगळं, एकाच टेबलावर. तसं झालं तरच या प्रकल्पांना अर्थ आहे.

त्याच न्यायानं, कारागिराला वर्गात बोलावलं तर शिक्षक म्हणून बोलवा. आज बहुतेक ठिकाणी काय होतं? एक दिवसाची 'वर्कशॉप', शाल, नारळ, फोटो, आणि कारागीर परत. पाहुण्या व्याख्यात्याचं मानधन द्यायचं म्हटलं की पदवीचा कागद आडवा येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकायची तरतूद आहे. शाळेच्या मुलांना जे चालतं ते पदवीच्या मुलांना का चालू नये? तांबट आळीतल्या कसबी माणसाला तासाच्या दरानं, पाहुण्या प्राध्यापकाइतकं मानधन, सत्रभर. एवढा एक ठराव झाला तर अभ्यासक्रमाचं पुस्तक न बदलता निम्मं काम होईल.

आता आक्षेप. पालक विचारतात, "कंपनीत सॉफ्टवेअर विचारतात, पुठ्ठा कोण विचारणार?" प्रश्न खरा आहे. फी भरणारा बाप तो विचारणारच, आणि त्याला उडवून लावू नये. पण सॉफ्टवेअर दर दोन-तीन वर्षांनी बदलतं आणि ते शिकायला काही महिने पुरतात. पडद्यावरची रेघ खऱ्या जगात किती जाड आहे, ती वाकेल की तुटेल, याचा अंदाज मात्र हात घडल्याशिवाय येत नाही. मी सॉफ्टवेअर नको म्हणत नाही. ते दुसऱ्या सत्रात यावं आणि आलं की त्यात पहिल्या सत्रातलंच स्टूल काढायला लावावं. ज्या मुलानं ते हातानं केलं आहे तो पडद्यावर वेगळ्या रेघा ओढतो.

खर्चाचा आक्षेप तर उलटाच आहे. पुठ्ठा, वर्तमानपत्र, बांबू, सुतळी, काथ्या, बाइंडिंग वायर, शाडू. हे सगळं मिळून एका मुलाचा सत्राचा खर्च एका मोठ्या लेझर कट मॉडेलपेक्षा कमीच होईल. खेड्यातून आलेल्या, सिडकोत खोली करून राहणाऱ्या मुलीला सबमिशनच्या रात्री दुकानदारापुढे हात पसरावे लागत नाहीत, ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आज फिनिशिंगचे गुण म्हणजे बऱ्याचदा पैशाचे गुण.

सुरक्षेचा आक्षेप मात्र मी गांभीर्यानं घेतो, कारण तो टाळून ही गोष्ट पुढे नेता येणार नाही. कटर आपल्याकडे ओढून कापायचा नाही आणि पट्टी स्टीलचीच घ्यायची, प्लास्टिकच्या पट्टीवर पातं चढतं. पातं बोथट झालं की बदलायचं, बोथट पात्यानंच जास्त जखमा होतात कारण जोर लावावा लागतो. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात चाळून टाकायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही, आणि उरलेलं बेसिनमध्ये धुवायचं नाही, नळी कायमची तुंबते. सगळ्यात महत्त्वाचं, प्लास्टर घट्ट होताना तापतं, जाड थराचं तापमान साठ अंशांपर्यंत जाऊ शकतं. त्यात हात बुडवून साचा काढायचा 'मजेदार' प्रयोग कुणीही, कधीही करू नये, गंभीर भाजतं. वाळलेली माती आणि प्लास्टर घासताना मास्क लावायचा आणि टेबल कोरड्या झाडूनं न झाडता ओल्या फडक्यानं पुसायचं, कारण तो धुरळा फुप्फुसात जाऊन बसतो. हे शिकवायला वर्गात एक माणूस पूर्ण वेळ हवा, कार्यशाळेचा साहाय्यक. बऱ्याच ठिकाणी तो नसतो, किंवा त्याला ऑफिसच्या कामाला जुंपलेलं असतं. कॉलेजनं नवा प्रिंटर घेण्याआधी ही नेमणूक करावी.

वेळापत्रकाचाही एक शब्द. पन्नास मिनिटांच्या तासात माती भिजतसुद्धा नाही. या विषयाला आठवड्यात एक अख्खा दिवस सलग हवा. बस्स.

पण खरी किल्ली परीक्षेत आहे, आणि ती परीक्षा कॉलेजच्या फार आधी सुरू होते. महाराष्ट्रातली लाखो मुलं शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा देतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. सगळं कागदावर. इंटरमिजिएटला घनभूमिती आहे, तीही कागदावरच. मुलगा शंकू काढतो, पण कागद गुंडाळून शंकू करून बघत नाही. पुढे कलाशाखेच्या पदवीसाठी राज्याची जी सीईटी आहे तिच्यातही वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान. म्हणजे शिल्पकलेला जाणारा मुलगाही मातीला हात न लावता निवडला जातो. आर्किटेक्चरच्या नाटा या प्रवेशपरीक्षेत २०२४ पासून दिलेल्या तुकड्यांतून त्रिमित रचना करायचा प्रश्न आला, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या प्रवेशपरीक्षेच्या दुसऱ्या फेरीत साहित्य देऊन वस्तू करायला लावतात. या दोन्हींना जमतं ते राज्याच्या परीक्षेला न जमण्याचं काही कारण नाही. एक कागद, एक कात्री, एक तास आणि एक अट, की वस्तूनं अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली वीतभर उंचीवर धरून ठेवली पाहिजे. परीक्षकाला मोजायलाही सोपं. हा एक प्रश्न आला तर शिकवणी वर्गांत दुसऱ्या दिवसापासून कात्र्या दिसतील.

कॉलेजच्या आत गुणांची वाटणीही बदलायला हवी. आज ज्युरीसमोर, म्हणजे परीक्षकांसमोर, फक्त शेवटची वस्तू असते. तिच्याआधीची मोडलेली तीन रूपं कचऱ्यात गेलेली असतात, आणि खरं शिक्षण त्यांच्यातच होतं. ती टेबलावर मांडायला लावा. कुठे चिरलं, कुठे वाकलं, त्यानंतर काय बदललं, हे मुलानं वहीत मराठीत, स्वतःच्या शब्दांत लिहावं. निम्मे गुण त्या वहीला. दुकानातून आणलेल्या मॉडेलला मोडलेली रूपं नसतात, त्यामुळे नक्कल पकडायला वेगळी यंत्रणा लागत नाही. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना हे आधी लेखी कळवावं लागेल, नाहीतर ते जुन्या सवयीनं कडांवरून बोट फिरवून गुण देतील.

२०२७ च्या सिंहस्थासाठी तपोवनात साधुग्राम, पूल, मांडव, बॅरिकेड असं काही महिन्यांचं आख्खं एक गाव उभं राहतं. यातलं काहीही पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती द्यावं असं मी म्हणणार नाही, तिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण रामकुंडाकडे चालत येणारी म्हातारी माणसं वाटेत टेकायला जागा शोधतात, हे प्रत्येक नाशिककरानं पाहिलं आहे. गुडघ्याइतक्या उंचीचे, बांबूचे, सुतळी-काथ्यानं बांधलेले बाक आपल्या कॉलेजांच्या पहिल्या वर्षानं करावेत. महापालिकेनं बांबू द्यावा, तिच्या अभियंत्यानं प्रत्येक नमुन्यावर वाळूची पोती रचून तपासावं आणि पास झालेलेच वाटेवर ठेवावेत. बांधणीची गाठ शिकवायला मंडप बांधणारा माणूस मानधनावर यावा. पर्वणी संपली की बाक उचलून परत वर्गात आणायचे, कुठली गाठ सैल झाली, कुठला बांबू चिरला याची नोंद करायची, आणि त्या नोंदीच्या आधारावर पुढच्या तुकडीनं कामाला सुरुवात करायची.